चौकुळचा चतुर आणि विकासाचा हिशेब

(दिल्लीत राहून स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



पावसाळा ओसरू लागला की दिल्लीच्या मोकळ्या मैदानांवर संध्याकाळच्या उन्हात पिवळसर चतुरांचे थवे तरंगताना दिसतात. राजेंद्रनगरच्या किंवा मुखर्जीनगरच्या गच्चीवर पुस्तक घेऊन बसणाऱ्यांनी ते नक्कीच पाहिले असतील. लहानपणी आपण त्यांना हेलिकॉप्टर म्हणत असू. या चतुराचे शास्त्रीय नाव पँटाला फ्लॅव्हेसेन्स. पावसाच्या पाण्याच्या साध्या डबक्यात त्याची पिढी काही आठवड्यांत तयार होते आणि डबके आटण्यापूर्वी तो उडून गेलेला असतो. मालदीवमध्ये राहणारे सागरी जीवशास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसन यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात असे मांडले की, हे चतुर ईशान्य मोसमी वाऱ्यांवर स्वार होऊन भारतातून मालदीवमार्गे हिंदी महासागर ओलांडतात आणि आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यापर्यंत जातात. जगाच्या बहुतेक उष्ण प्रदेशांत तो आढळतो. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर तो चल भांडवलासारखा आहे : एके ठिकाणी परिस्थिती बिघडली की दुसरीकडे जातो.

आज मला बोलायचे आहे ते याच गणातील, पण नेमक्या उलट्या स्वभावाच्या एका जिवाविषयी. सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या सावंतवाडी तालुक्यात, आंबोलीजवळ चौकुळ नावाचे गाव आहे. शंतनू जोशी, हेमंत ओगले आणि दत्तप्रसाद सावंत या तिघा अभ्यासकांनी तेथील चतुराच्या एका जातीचे वर्णन २०२२ मध्ये ‘झूटॅक्सा’ या नियतकालिकात प्रसिद्ध केले आणि तिला गावाचेच नाव दिले : बर्मागोम्फस चौकुळेन्सिस. शास्त्रीय नावाच्या शेवटी येणाऱ्या ‘एन्सिस’ या प्रत्ययाचा अर्थ ‘त्या ठिकाणचा’. सात-बाराच्या उताऱ्याबाहेर ज्या गावाचे नाव फारसे जात नव्हते, ते अशा रीतीने जगाच्या प्राणिशास्त्रात कायमचे नोंदले गेले.

हा चतुर गोम्फिडी कुळातला. या कुळातील बहुतेकांच्या उदराचे टोक गदेसारखे फुगीर असते. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे ती त्यांची बाल्यावस्था. चतुराचे आपल्याला दिसणारे पंखवाले आयुष्य काही आठवड्यांचे असते. त्याआधीचा बराच मोठा काळ तो पाण्याखाली डिंभाच्या रूपात काढतो. गोम्फिडी कुळातले डिंभ ओढ्याच्या तळाशी वाळूत, बारीक गाळात, पालापाचोळ्याखाली स्वतःला पुरून घेतात आणि तेथूनच भक्ष्य टिपतात. वाढ पूर्ण झाली की दगडावर किंवा काठावर चढून कात टाकतात. म्हणजे या प्राण्याला केवळ ‘पाणी’ पुरत नाही. त्याला वाहते पाणी लागते, त्या पाण्यात पुरेसा प्राणवायू लागतो, तळाला विशिष्ट जाडीची वाळू लागते, काठावर सावली लागते. यांपैकी एक गोष्ट बदलली तरी ओढा नकाशावर तसाच राहतो. त्याच्या दृष्टीने मात्र तो नाहीसा झालेला असतो.

पश्चिम घाटात चतुर आणि टाचण्या मिळून दोनशेच्या वर जाती आढळतात आणि त्यांपैकी सुमारे ऐंशी जाती प्रदेशनिष्ठ आहेत, म्हणजे जगात अन्यत्र कोठेही सापडत नाहीत. सिंधुदुर्गातूनच २०१९ मध्ये सेरियाग्रिऑन क्रोमोथोरॅक्स ही टाचणी आणि शेजारच्या गोव्यातून २०१३ मध्ये इडिओनिक्स गोमांतकेन्सिस हा चतुर विज्ञानाला नव्याने ज्ञात झाला. फ्रेझर या लष्करी डॉक्टरांनी १९३३ ते १९३६ या काळात ब्रिटिश भारतातील चतुरांवर तीन खंड लिहिले, तेव्हा हा विषय संपल्यासारखा वाटला असावा. तो संपलेला नव्हता हे उघड आहे. एक सावधगिरीही येथे बाळगली पाहिजे. एखाद्या जातीचा वावर मर्यादित आहे असे आपण म्हणतो, तेव्हा ते विधान अंशतः त्या जातीविषयी असते आणि अंशतः तिला शोधायला किती माणसे, किती ओढ्यांवर गेली याविषयी असते. उद्या चौकुळचा हा चतुर आणखी चार खोऱ्यांत सापडू शकतो. सापडला तर आनंदच आहे. पण तोपर्यंत निर्णय कोणत्या गृहीतकावर घ्यायचे, हा प्रश्न अर्थशास्त्रज्ञाला टाळता येत नाही.

येथे मला स्वतःची एक चूक सांगितली पाहिजे. नव्वदच्या दशकात, डॉक्टरेट मिळाल्याला एक-दोन वर्षेच झाली असताना, मी घाटमाथ्यावरील एका लघु पाटबंधारे योजनेच्या लाभ-व्यय विश्लेषणात सहभागी होते. तक्ता नेहमीचा होता. लाभाच्या बाजूला सिंचनाखाली येणारे क्षेत्र, वाढीव उत्पन्न, उन्हाळ्यातील पाण्याचा टँकर वाचल्याने होणारी बचत. व्ययाच्या बाजूला बांधकाम, भूसंपादन, देखभाल. शेवटच्या ओळीत ‘पर्यावरणीय हानी’ असा स्तंभ होता. त्यात मी ‘नगण्य’ असे लिहिले. बुडणारा ओढा दीड-दोन किलोमीटरचा, जिल्ह्यातील एकूण ओढ्यांच्या लांबीच्या तुलनेत त्याचे प्रमाण अगदीच क्षुल्लक. त्यामुळे तो शब्द मला तर्कशुद्ध वाटला. तो ओढा मी पाहिला नव्हता. पाहण्याची आवश्यकता आहे असे मला कोणी सांगितले नाही आणि मलाही सुचले नाही. योजना वाईट होती असे मी आजही म्हणणार नाही. त्या वाडीतल्या बायकांच्या डोक्यावरचा हंडा उतरला ही गोष्ट लहान नाही. परंतु ‘नगण्य’ हा शब्द मी मोजून लिहिला नव्हता, न मोजता लिहिला होता, आणि तक्त्यात तो मोजलेल्या आकड्यासारखाच दिसत होता.

ही चूक केवळ माझ्या आळसाची नव्हती. तिच्यामागे एक पद्धत आहे आणि ती समजून घेणे तुम्हाला परीक्षेच्या पलीकडेही उपयोगी पडेल. आपण हानी टक्केवारीत मांडतो तेव्हा एक गोष्ट गृहीत धरतो : गेलेला भाग आणि राहिलेला भाग एकमेकांसारखे आहेत. शंभर क्विंटल गव्हातून एक क्विंटल गेला तर हानी एक टक्का, हे बरोबर आहे, कारण कोणता क्विंटल गेला याने फरक पडत नाही. ओढ्यांचे तसे नाही. शंभर ओढ्यांपैकी एक गेला आणि एखादी जात त्या एकाच ओढ्यावर असेल, तर त्या जातीच्या बाबतीत हानी शंभर टक्के असते. छेद कोणता घ्यावा हा आकडेमोडीचा किरकोळ तपशील वाटतो. वस्तुतः सगळा निर्णय तेथेच होतो. टक्केवारी कशी फसवते याचे याच शहरातील, पण उलट दिशेचे उदाहरण पाहा. वझीराबाद ते ओखला हा यमुनेचा दिल्लीतील सुमारे २२ किलोमीटरचा पट्टा नदीच्या लांबीच्या दोन टक्क्यांहूनही कमी आहे. पण नदीतील प्रदूषणाचा सुमारे तीन-चतुर्थांश भार तेथे येतो. नजफगढचा जो नाला या पट्ट्यात सर्वाधिक घाण आणून सोडतो, तो मुळात साहिबी नदीचा प्रवाह आहे. आज दिल्लीकर त्याला नदी म्हणत नाही. प्रवाहाचे नाव बदलले की त्याच्याविषयीची अपेक्षाही बदलते, हे धोरणकर्त्यांनी लक्षात ठेवावे असे आहे.

दुसरी अडचण काळाची. भविष्यातील लाभ-हानीचे आजचे मूल्य काढताना आपण वटाव दर वापरतो. दहा टक्के दराने पन्नास वर्षांनंतरच्या शंभर रुपयांचे आजचे मूल्य ८५ पैसे होते. रस्ता पुन्हा बांधता येतो, बंधारा फोडता येतो, तेथे हा हिशेब ठीक आहे. परंतु जी हानी भरून निघत नाही तिला हाच दर लावणे म्हणजे नातवंडांचा हिस्सा आपणच ठरवून आपणच घेणे. जॉन क्रुटिला यांनी १९६७ मध्ये, आणि पुढे १९७४ मध्ये केनेथ ॲरो व अँथनी फिशर यांनी हा मुद्दा नेमकेपणाने मांडला : निर्णय अपरिवर्तनीय असेल आणि माहिती पुढे वाढणार असेल, तर थांबण्यालाही मूल्य असते. त्यापूर्वीच, १९५२ मध्ये, सिरियासी-वांट्रुप यांनी ‘किमान सुरक्षित मर्यादे’ची कल्पना दिली होती. जातीची किंमत रुपयांत ठरवण्याच्या फंदात पडू नये. तिला टिकवण्यास किती खर्च येतो ते पाहावे, आणि तो खर्च असह्य नसेल तर ती टिकवावी, असे तिचे सार आहे. मला ही कल्पना आवडते, कारण ती चतुराची बाजारभावाने किंमत सांगण्याच्या हास्यास्पद कामातून आपली सुटका करते.

अमेरिकेत या तत्त्वाची कसोटी एका लहानशा माशावरून लागली. टेनेसी राज्यात लिटल टेनेसी नदीवर टेलिको धरणाचे काम चालू असताना १९७३ मध्ये डेव्हिड एट्नियर या प्राणिशास्त्रज्ञाला वाहत्या, उथळ पाण्यात राहणारा ‘स्नेल डार्टर’ हा मासा सापडला. त्याच वर्षी संकटग्रस्त जातींचा कायदा झाला होता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९७८ मध्ये न्यायालयाने जवळजवळ पूर्ण झालेल्या धरणाचे काम थांबवले. वर्तमानपत्रांतून तेव्हा खूप थट्टा झाली : बोटभर माशासाठी एवढे धरण! त्यानंतर काँग्रेसने कायद्यात दुरुस्ती करून सवलत देण्याचा अधिकार असलेली उच्चाधिकार समिती नेमली. तिच्यात अध्यक्षांच्या आर्थिक सल्लागार परिषदेचे प्रमुख चार्ल्स शुल्ट्झ होते. समितीने जानेवारी १९७९ मध्ये एकमताने सवलत नाकारली आणि त्यामागचे मुख्य कारण मासा हे नव्हतेच. झालेला खर्च बाजूला ठेवून केवळ उरलेल्या कामाचा खर्च धरला, तरी धरणाचे लाभ त्याला पुरत नव्हते. म्हणजे मूळ हिशेबच चुकलेला होता. माशामुळे तो पुन्हा मांडावा लागला, एवढेच.

पुढची हकीकत तितकीच बोधप्रद आहे. त्याच वर्षी एका विधेयकाला जोडलेल्या तरतुदीने धरणाला कायद्यातून सूट मिळाली आणि ते भरले. मासा अन्य प्रवाहांत नेऊन सोडण्यात आला, काही ठिकाणी नव्याने सापडलाही, आणि २०२२ मध्ये त्याला संकटग्रस्तांच्या यादीतून वगळण्यात आले. २०२५ मध्ये तर काही संशोधकांनी असे प्रतिपादन केले की, ती स्वतंत्र जात नसून आधीच ज्ञात असलेल्या दुसऱ्या जातीचा पूर्वेकडील समुदाय आहे. यावरून काहीजण म्हणतील, मग सारा खटाटोप व्यर्थच गेला. मला तसे वाटत नाही. धरणाचा ताळेबंद माशाच्या नावावर अवलंबून नव्हता. मात्र संवर्धनाची सगळी बाजू एका जातीच्या नावावर टांगून ठेवू नये, हा धडा त्यातून घ्यावा लागतो. चौकुळच्या बाबतीतही मी ‘चतुर वाचवा’ असे म्हणत नाही. तो ज्या ओढ्यावर आहे त्या ओढ्याचा हिशेब नीट मांडा, असे म्हणते.

आपल्याकडील व्यवस्था काय आहे? १४ सप्टेंबर २००६ ची पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाची अधिसूचना तुम्ही अभ्यासलेली आहे. मोठे प्रकल्प तिच्या कक्षेत येतात. सिमेंट नाला बंधारा, नाला खोलीकरण, रुंदीकरण, लहान पूल, काठ बांधून काढणे ही कामे तिच्या उंबरठ्याच्या खाली राहतात. आणि ओढ्याच्या तळाच्या वाळूत राहणाऱ्या जिवाला सर्वाधिक धोका याच कामांचा असतो. पोकलेन यंत्राने दोन दिवसांत ओढ्याचा तळ खरवडून निघतो. जलसंधारणाला माझा विरोध नाही. मराठवाड्यातील कोरड्या नाल्याला जे औषध लागू पडते, ते सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या आंबोली परिसरातील झऱ्यांनाही तसेच लागू पडेल असे मात्र मानू नये.

वन्यजीव संरक्षण कायद्याकडे पाहिले तर १९७२ च्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत दीर्घकाळ एका चतुराचे नाव होते : एपिओफ्लेबिया लेडलॉवी. हिमालयातील थंड ओढ्यांत राहणारा हा प्राचीन वंशाचा चतुर. टिलयार्ड यांनी १९२१ मध्ये त्याचे वर्णन केले तेही डिंभावरून, कारण पंखवाला प्राणी तेव्हा हाती आला नव्हता. पण अशा यादीत जायला आधी माहिती लागते. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने डिसेंबर २०२१ मध्ये जगातील ६,०१६ चतुर-टाचण्यांचे मूल्यमापन पूर्ण झाल्याचे जाहीर केले. त्यांतील १६ टक्के जाती धोक्यात आहेत. याखेरीज ‘अपुरी माहिती’ हा एक स्वतंत्र वर्ग आहे. प्रशासनात या वर्गाचा अर्थ बहुधा ‘हरकत नाही’ असा लावला जातो. बँकेत कर्जदाराची माहिती अपुरी असेल तर कर्ज थांबते. ओढ्याची माहिती अपुरी असेल तर काम सुरू होते. हा विरोधाभास मी अनेक सभांमधून मांडला आहे. ऐकणारे हसतात आणि फाइल पुढे सरकते.

तरीही चौकुळपासून अगदी जवळ एक वेगळे उदाहरण घडले आहे. आंबोलीत हिरण्यकेशीच्या उगमाशी महादेवाचे मंदिर आणि कुंड आहे. तेथे आढळलेल्या शिस्टुरा हिरण्यकेशी या माशाचे वर्णन २०२० मध्ये झाले. त्यानंतर, २०२१ च्या मार्चमध्ये, महाराष्ट्र शासनाने जैविक विविधता कायदा, २००२ च्या कलम ३७ नुसार तेथील २.११ हेक्टर क्षेत्र जैविक वारसा स्थळ म्हणून घोषित केले. आकडा पुन्हा पाहा : २.११ हेक्टर. किमान सुरक्षित मर्यादेचा खर्च किती कमी असू शकतो याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही. अर्थात, कुंड देवाचे होते आणि गाव त्याची राखण आधीपासूनच करत होते, हेही विसरू नये. ज्या ओढ्यावर देऊळ नाही त्याचे काय, हा प्रश्न उरतोच.

चौकुळमध्ये या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. आंबोली, गेळे आणि चौकुळ या तीन गावांत कबुलायतदार गावकर पद्धतीच्या जमिनींचा प्रश्न आहे. संस्थानी काळापासून गावकऱ्यांनी सामाईकपणे कसलेल्या आणि राखलेल्या या जमिनींवर पुढे शासनाचे नाव लागले आणि हा वाद वर्षानुवर्षे रेंगाळला. सामाईक साधनसंपत्तीचा अभ्यास करणाऱ्यांना, विशेषतः एलिनॉर ऑस्ट्रॉम यांचे लेखन वाचलेल्यांना, याचा अर्थ लगेच कळेल. ज्याचा हक्क अनिश्चित आहे त्याने दीर्घकाळाचा विचार करून ओढ्याचा काठ राखावा, ही अपेक्षा न्याय्य नाही. गावकऱ्याला चतुराविषयी व्याख्यान देण्यापूर्वी त्याच्या सात-बाराचे काय झाले ते विचारावे. पश्चिम घाटातील पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील क्षेत्राच्या प्रारूप अधिसूचना वारंवार निघूनही, जुलै २०२४ मध्ये सहावी निघाली, गावागावांत जो संशय दिसतो, त्याचे मूळ बरेचसे या अनुभवात आहे. आपल्या जमिनीविषयी दूरच्या शहरात काहीतरी ठरते आणि आपल्याला ते उशिरा कळते, ही ती भावना.

म्हणूनच कलम ४१ खालील जैवविविधता व्यवस्थापन समिती मला महत्त्वाची वाटते. ग्रामपंचायत पातळीवरील या समितीने लोकांच्या सहभागाने जैवविविधता नोंदवही तयार करावी, असे कायदा सांगतो. प्रत्यक्षात बरीच वर्षे हे काम रखडले. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत आणि विलंबासाठी राज्यांना दरमहा दहा लाख रुपयांचा भुर्दंड ठरवला, तेव्हा देशभर धावपळ झाली. समित्यांची संख्या आज पावणेतीन लाखांच्या आसपास आहे. धावपळीत भरलेल्या अशा काही नोंदवह्या मी चाळल्या आहेत. वृक्षांची पाने भरलेली, औषधी वनस्पतींची भरलेली. कीटकांच्या पानावर ‘मधमाशी, फुलपाखरू, डास’. एका वहीत तर शेजारच्या गावाचे नाव खोडून नवे लिहिलेले होते.

तुमच्यापैकी काहीजण उद्या गटविकास अधिकारी, तहसीलदार, वनसेवेतील अधिकारी व्हाल. ओढ्यावरील कामाचे अंदाजपत्रक तुमच्यापुढे येईल, त्यात लांबी, रुंदी, खोली, घनमीटर, दर हे सर्व असेल. त्याबरोबर नोंदवहीतील त्या ओढ्याचे पान मागवण्यापासून तुम्हाला कोणीही रोखलेले नाही. पान कोरे असेल तर ते भरून घेण्यासाठी फार मोठा निधी लागत नाही. चतुरांचा अभ्यास करणारे स्थानिक निरीक्षक आता जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत, चौकुळच्या जातीच्या वर्णनातही त्यांचा वाटा आहे. आणि गावातील शाळकरी मुलांना हेलिकॉप्टर कोणत्या दगडावर बसते ते पक्के ठाऊक असते. मात्र एका फेरीत हे काम होत नाही. वेगवेगळ्या जाती वेगवेगळ्या महिन्यांत पंख घेऊन बाहेर पडतात. म्हणून पावसाळ्याच्या तोंडाशी एकदा आणि पाऊस ओसरल्यावर एकदा, असे निदान दोन वेळा त्या ओढ्यावर जावे लागते. काठावरच्या दगडांना चिकटलेल्या रिकाम्या काताही गोळा कराव्यात, कारण त्या जातीची पैदास याच ओढ्यात होते की ती नुसती वाट चुकून आली आहे, हे त्यांवरूनच कळते. कामाचा आदेश मार्चअखेरीच्या घाईत निघणार असेल, तर ही पाहणी आदल्या वर्षीच्या जूनमध्ये सुरू झालेली असावी लागेल.